सहा विटा, एक काडी

आमच्या फ्रीजवर गेले दोन महिने एक कागद चिकटवलेला आहे. वहीचं फाडलेलं पान, त्यावर लाल पेनानं यादी: लोखंड ३७१, सोनं ३६, रेडस्टोन ४०, काड्या १०१. परवा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मी वाटी शोधेपर्यंत त्यांची नजर त्या कागदावर गेली आणि चेहराच बदलला.

"अगं, छत्तीस तोळे? कुणाचं लग्न ठरवलंत? आणि आम्हाला पत्ता नाही!"

आता त्यांना काय सांगणार? म्हटलं, "काकू, लग्न नाही हो, रेल्वेलाईन टाकायचीय." त्या विरजण घेऊन गेल्या खऱ्या, पण संध्याकाळपर्यंत गल्लीत काय काय पसरलं असेल ते देवच जाणे!

तर मैत्रिणींनो, ही रेल्वेलाईन आहे मोबाईलमधली. माइनक्राफ्ट नावाचा खेळ तुमच्या घरातही कदाचित शिरला असेल. मुलं त्यात चौकोनी डोक्याची माणसं होऊन चौकोनी झाडं तोडत असतात, खोदत असतात, घरं बांधत असतात. स्वीडनच्या मार्कस पर्सन या गृहस्थानं २००९ साली तो लोकांसमोर आणला, २०११ मध्ये तो पूर्ण तयार म्हणून बाहेर पडला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टनं तो बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. जगात सर्वात जास्त खपलेला व्हिडिओ गेम आहे म्हणे. २०२३ मध्येच तीस कोटींच्या वर प्रती गेल्या होत्या. मला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की सातवीतले आमचे चिरंजीव शाळेतून आले की दप्तर फेकतात, हातपाय न धुता कोपऱ्यात बसतात आणि फोनमधून 'टक टक टक' असा दगड फोडल्याचा आवाज येत राहतो.

आणि घरात दुसऱ्या कोपऱ्यात आण्णा. माझे वडील. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मी त्यांना कुर्डुवाडीहून इकडे बार्शीला आणलं. आमच्या ह्यांनी स्वतः जाऊन सामान भरलं, पण आण्णांच्या पिढीला लेकीच्या घरी राहायचं म्हणजे जिवावर येतं. पाणी हवं असलं तरी मागायचे नाहीत. चहा दिला की "कशाला गं" म्हणायचे. बाकी दिवसभर गप्प. सगळी नोकरी रेल्वेत, आधी गँगमन, मग कीमन. रोज हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून रुळावरून मैलच्या मैल चालायचं, सैल झालेली चावी ठोकायची, नटबोल्ट आवळायचे. ती लाईन म्हणजे आपली 'बार्शी लाईट'.

आमच्याकडच्या बायकांना बार्शी लाईट सांगायला नको, पण लांबच्या वाचकांसाठी सांगते. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही अडीच फुटी नॅरोगेज लाईन बांधली. १८९७ साली पहिला तुकडा सुरू झाला, कुर्डुवाडी ते बार्शी, जेमतेम पस्तीस किलोमीटर. कुर्डुवाडीच्या स्टेशनला तेव्हा 'बार्शी रोड' म्हणायचे. या कॅलथ्रॉपची अक्कल अशी, की इंजिन असो वा डबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. त्यामुळे रूळ हलके चालले, यार्डाला तीस पौंडांचे. खर्च कमी. पुढे ती लाईन १९११ ला लातूरला पोचली, १९२७ ला पंढरपूरहून मिरजेला. आषाढीला टपावर बसून जाणारे वारकरी माझ्या आईनं पाहिलेत. मग नॅरोगेज बंद झाली, आणि २००८ साली आमच्याकडून ब्रॉडगेज धावू लागली. सोय झाली, मुंबई जवळ आली, खोटं कशाला बोला. पण आण्णा त्या गाडीत बसले की खिडकीतून बाहेर बघत नाहीत.

तर एका संध्याकाळी काय झालं, चिरंजीव फोन घेऊन बसले होते आणि आण्णा मागून जात होते. जाता जाता थांबले. "हे काय रं? रूळ का काय?"

"हो, रेल टाकतोय. सहा लोखंडाच्या विटा आणि एक काडी, की सोळा रूळ बनतात."

"सोळा रुळांना एकच काडी?" आण्णा तिथेच खाली बसले. "आणि स्लीपर? खडी?"

"खडी लागत नाही आण्णा."

"मग गाडी चालंल का लेका?"

तो पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी आण्णांनी आपणहून माझ्याकडे काय मागितलं माहितेय? चष्मा पुसायला फडकं!

मग रोज संध्याकाळी दोघांची डोकी एका फोनवर. मी पोळ्या लाटताना ऐकायची आणि हसायची. खेळात रूळ वळतो तो एकदम, चौकोनाच्या कोपऱ्यासारखा. आण्णा म्हणाले, "आरं, असं वळवलंस तर गाडी ज्वारीत जाईल की! वळणावर भायेरचा रूळ उचलून घ्यावा लागतो." चढ तर विचारूच नका. खेळातला चढ म्हणजे एक पाऊल पुढे, एक पाऊल वर. बोरघाटात ३७ फुटांमागं एक फूट चढ आहे, माथेरानच्या झुकझुक गाडीला २० फुटांमागं एक, आणि ह्यांच्या खेळात एका फुटामागं एक! आण्णांनी कपाळाला हात लावला. पण एक गोष्ट त्यांना फार आवडली. खेळातला प्रत्येक ठोकळा एक मीटरचा, आणि रुळांची जोडी त्या एका ठोकळ्याच्या आत बसते. म्हणजे मीटरच्या आतली लाईन. "ही तर आपलीच की!" आण्णा म्हणाले. "नॅरोगेज!"

झालं, ठरलं. कुर्डुवाडी ते बार्शी लाईन टाकायची. पस्तीस किलोमीटरचे पस्तीस हजार ठोकळे कोण घालणार? म्हणून एक हजार ठोकळ्यांत बसवायची, एका किलोमीटरला साधारण अठ्ठावीस-एकोणतीस ठोकळे. चिरंजीवांनी हिशोब मांडला. हजार भागिले सोळा, साडेबासष्ट, म्हणजे त्रेसष्ट वेळा करावं लागणार, त्रेसष्ट सक्क तीनशे अठ्ठ्याहत्तर लोखंड. आण्णा म्हणाले, थांब. तू म्हणतोस मधीमधी सोन्याचे पॉवरचे रूळ घालायचेत. ते जिथं बसतील तिथं साधा रूळ कशाला? दर तीस ठोकळ्यांमागे एक पॉवरचा धरला तर चौतीस झाले. ते वजा कर. उरले नऊशे सहासष्ट. त्याला एकसष्ट वेळा, म्हणजे लोखंड तीनशे सहासष्ट. बारा विटा वाचल्या! सामानाचा हिशोब देण्यात हयात गेलेला माणूस, त्याला कोण फसवणार! वर बसायच्या गाडीला पाच विटा धरून तीनशे एकाहत्तर.

हे असं दोन महिने चाललं होतं. आणि मग मी ती गोष्ट केली.

गणिताच्या चाचणीत वीसपैकी सात मार्क. बाईंनी वहीत लाल शेरा मारून सही मागितलेली, आणि ती वही चार दिवस दप्तरात लपवलेली. मला वही मिळाली त्याच दिवशी बँकेत माझं कुणाशी तरी वाजलं होतं, गॅस संपलेला होता. (हे सगळं सांगायचं कारण, आपल्या रागाला बऱ्याचदा चार बाप असतात, आणि तो निघतो एकावर.) चिरंजीव बाहेर खेळायला गेले होते. मी फोन हातात घेतला, त्या खेळाच्या चित्रावर बोट दाबून धरलं आणि खेळ काढून टाकला. बरं वाटलं. खरंच सांगते, त्या क्षणी फार बरं वाटलं.

मला वाटलं होतं, पोरगं थयथयाट करेल. त्यानं फोन पाहिला, दोन-तीनदा इकडेतिकडे बोट फिरवलं, मग फोन ठेवून दिला. जेवला. दप्तर भरलं. झोपला. रडला असता तर मी समजूत घातली असती हो, पण तो काही बोलेचना.

मला त्यावेळी माहीत नव्हतं. मी समजत होते, खेळ परत टाकला की होतं तसं सगळं मिळेल. तसं नसतं. फोनमध्ये मुलांनी बांधलेली दुनिया त्या खेळाच्या पोटातच साठवलेली असते, खेळ काढला की तीही जाते. दोन महिन्यांची लाईन गेली. कुर्डुवाडी गेलं, शेंद्री गेलं, आण्णांनी जागा दाखवून बांधून घेतलेली केबिन गेली.

तिसऱ्या दिवशी जेवताना आण्णांनी विचारलं, "काय रं, शेंद्रीच्या पुढं किती सरकली लाईन?"

पोरगं ताटात बघत म्हणालं, "आईनं डिलीट केलं."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि म्हणाले, "म्हंजी दुसऱ्यांदा उखडली."

रात्री भांडी घासताना मला ते वाक्य सोडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णांपाशी बसले. ते म्हणाले, नॅरोगेज बंद झाल्यावर जुने रूळ काढायला माणसं लागली, त्यात त्यांची गँगही होती. "मीच ठोकलेले खिळे मीच काढले. पगार त्याचाच हुता." इतक्या वर्षांत हे त्यांनी आईला सांगितलं असेल तर असेल, मला कधी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं कुणाला होतं, तर त्या पोराला. लाईन टाकताना. कुठला पूल कुठं होता, कुठल्या नाल्याला पावसाळ्यात भराव वाहून जायचा, सगळं. त्याला ते तोंडपाठ होतं. मला नव्हतं.

संध्याकाळी मी चिरंजीवांना म्हटलं, "तो खेळ परत टाक. आणि मला शिकव. लोखंड मी खणते."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी म्हटलं होतं मी उद्यापासून कबड्डी खेळणार!

पैसे एकदा भरलेले होते, त्यामुळे परत भरावे लागले नाहीत. आणि मग सुरू झाली माझी शिकवणी. मैत्रिणींनो, पुरणपोळी सोपी आहे. आधी झाडाला हात मारून लाकूड मिळवायचं, लाकडाच्या फळ्या, फळ्यांच्या काड्या. चार फळ्यांचं टेबल होतं. त्या टेबलाला तीन आडवे, तीन उभे असे नऊ खण. आपल्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या, इथे नऊ, आणि कुठली वस्तू कुठल्या खणात हे चुकलं की पदार्थ होत नाही. रुळासाठी डावीकडच्या तिन्ही खणांत लोखंड, उजवीकडच्या तिन्ही खणांत लोखंड, आणि मधोमध एक काडी. अगदी वरून पाहिलेला रूळच! फोनवर खरं तर नुसतं चित्रावर बोट ठेवलं तरी सामान आपोआप खणात जाऊन बसतं, पण माझ्या गुरुजींनी मला हातानंच मांडायला लावलं. सोन्याचा रूळ करायचा तर लोखंडाऐवजी सोनं, मध्ये काडी, आणि काडीच्या खालच्या खणात रेडस्टोनची चिमूट. त्याचे मात्र सहाच होतात. रेडस्टोन म्हणजे ह्या जगातली वीज, जमिनीत खूप खोल सापडते. काडीवर रेडस्टोन लावून मशाल करायची आणि सोन्याच्या रुळाशेजारी रोवायची, की तो रूळ गाडीला पुढे ढकलतो. मशाल नसेल तर उलट तोच रूळ गाडीला ब्रेक लावतो. स्टेशनात त्याचाच उपयोग. सपाटीवर दर तीस रुळांमागे एक पुरतो, चढावर दर दोन-तीन रुळांमागे एक लागतो. आण्णा म्हणाले, कर्जतला घाट चढायला मागून जादा इंजिनं लावतात, त्यातलाच प्रकार.

लोखंड मिळवायचं म्हणजे गुहेत उतरायचं. दगडी टिकावानं खनिज फोडायचं, घरी आणून कोळशाच्या भट्टीत वितळवायचं. एका कोळशात आठ विटा, एका विटेला दहा सेकंद. ३६६ विटांना एका भट्टीवर तासभर लागतो. मी तीन भट्ट्या मांडल्या आणि वीस मिनिटांत काम उरकलं. तीन शेगड्यांवर एका वेळी वरण, भात, भाजी करणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको! चिरंजीवांना सुचलं नव्हतं. पहिल्यांदा म्हणाले, "आई, भारी."

पण लगेच नाक कापून घेतलं. मला सोनं दिसलं. पिवळे ठिपके, चकाकतंय. धावत जाऊन दगडी टिकावानं फोडलं. ठोकळा फुटला आणि हातात काहीच आलं नाही. सोन्याला लोखंडी टिकाव लागतो म्हणे, दगडी मारला तर सोनं वाया! पाच ठोकळे घालवल्यावर मला ते समजलं. "आई, सांगितलं होतं ना!" सांगितलं होतंच. मग पायाखाली सरळ खणत गेले आणि धगधगत्या लाव्ह्यात पडून सगळ्या सामानासकट जळाले. सरळ खाली कधी खणायचं नाही, हा ह्या खेळातला पहिला नियम. तोही सांगितला होता.

हिरवं एक भूत असतं, क्रीपर. गुपचूप मागून येतं, फुस्स करतं आणि फुटतं, सोबत तुमचे रूळही. दोनदा लाईन तुटल्यावर आम्ही 'पीसफुल' हा पर्याय लावला, त्यात भुतं येत नाहीत. चिरंजीवांनी नाक मुरडलं, पण आण्णांनी निकाल दिला, "लाईनीवर सेफ्टी पयली."

आता तुमच्या घरी हा खेळ असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते, मी ठेच खाऊन शिकलेल्या. काही काढून टाकायचं असेल तर आधी मुलाला विचारा, त्यात काय काय आहे. दुनियेच्या सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट वर्ल्ड' असतं, त्यातून तिची प्रत फोनमध्ये वेगळी ठेवता येते. आम्ही आता दर रविवारी ठेवतो. खेळात 'माइनकॉइन' नावाची नाणी खऱ्या पैशांनी विकत घेता येतात, तेव्हा फोनला कार्ड जोडून ठेवू नका. अनोळखी लोकांच्या सर्व्हरवर जाऊ देऊ नका, आपल्या दुनियेचं दार मल्टिप्लेअरचं बटण बंद करून लावता येतं. आणि वेळ बांधा. आमच्याकडे संध्याकाळी पाऊण तास, गजर लावून. गजर झाला की मीसुद्धा उठते, मग भट्टीत लोखंड अर्धवट का असेना. खेळ फार चांगला आहे असं माझं म्हणणं नाही. पाऊण तासाचे तीन तास करण्याची ओढ त्यात आहे, मला स्वतःला ती लागली म्हणून सांगते. गणिताच्या पुढच्या चाचणीत वीसपैकी अकरा आले. शिकवणीमुळे की तीनशे एकाहत्तरच्या हिशोबामुळे, ठाऊक नाही. अकरा म्हणजे काही फार नव्हेत.

आता लाईन शेंद्रीपर्यंत आलीय. माझे पहिले सोळा रूळ आण्णांनी चष्मा लावून तपासले. "गॅप ठेवली का गं? उन्हाळ्यात रूळ वाढतो." चिरंजीव म्हणाले, "आण्णा, इथं उन्हाळा नसतो." आण्णा म्हणाले, "मग ह्यात काय मजा हाय?" तिथे एक फाटा काढलाय, खटका दाबला की रुळाचं वळण फिरतं आणि गाडी दुसऱ्या लाईनीवर जाते. खरा सांधा कसा बदलायचा, हे आण्णा पोळपाटावर दोन लाटणी ठेवून समजावत होते.

गेल्या रविवारी पहिली फेरी झाली. गाडी पूर्ण वेगात सेकंदाला आठ ठोकळे पळते, म्हणजे ताशी अठ्ठावीस-एकोणतीस किलोमीटर. आण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला होता, नातू बाजूला, मी मागून वाकून. कुर्डुवाडी सुटली. दोन्ही बाजूंनी मोकळं रान, एक चौकोनी मेंढी. कुणी बोलत नव्हतं. शेंद्रीला ब्रेकचा रूळ आला, गाडी थांबली.

आण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. "पाणी कुठं हाय?"

"कसलं पाणी?"

"इंजिनाला. वाफेचं इंजिन हाय ना आपलं? पाणी भरल्याबिगर बार्शीला कसं जाईल?"

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, फ्रीजवरच्या कागदावर शेवटची ओळ लिहिली. बादली, लोखंड ३.